सरकारी वास

माझ्या भावाच्या अंगाला सरकारी वास येतो. तुम्हाला तो येणार नाही, मलाही येत नाही. तो फक्त नाकाला येतो. शाळेच्या फाटकावर, बागेच्या दारात, पोहण्याच्या तलावापाशी हल्ली करड्या रंगाची जाळीदार पेटी बसवलेली असते. कागदोपत्री तिला 'गंधद्वार' म्हणतात, पण कागदोपत्री नावाने तिला कोणी ओळखत नाही. सगळे नाकच म्हणतात. 'नाक वाजलं' म्हटलं की आमच्या सांगलीत शेंबड्या पोरालाही कळतं काय झालं ते.

भावाचं नाव उमाकांत कोठावळे. मी त्याची धाकटी बहीण वृंदा. दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहे, दुधातली स्निग्धता आणि भेसळ तपासते. लग्न केलेलं नाही. दादा गणिताचे क्लास घ्यायचा आणि चांगले घ्यायचा. क्लासमधल्या सातवीतल्या एका मुलीच्या बाबतीत त्याने जे केलं त्यासाठी त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. ती त्याने पुरी भोगली. त्याला कोणी अडकवलं होतं असा तुमचा समज व्हायला नको म्हणून आधीच सांगते. त्याने केलं होतं. त्या मुलीचं नाव मी इथे लिहिणार नाही.

पूर्वी अशा माणसांची नुसती यादी असायची. यादीतला माणूस गाव बदलायचा, मिशी काढायचा आणि दोन तालुके पलीकडे पुन्हा क्लास काढायचा. मग पायातलं कडं आलं. तेही कापता येतं हे लोकांना लवकरच कळलं. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की खूण माणसाच्या अंगावरच वाढवली तर?

आपल्या कातडीवर कोट्यवधी जंतू सुखाने नांदत असतात. ते आपला घाम खातात आणि त्याचे वायू करतात. प्रत्येकाला स्वतःचा असा जो वास असतो, तो बराचसा त्यांच्यामुळे. शास्त्रज्ञांनी त्यातलाच एक निरुपद्रवी जंतू घेतला, दही लावणाऱ्या जंतूंचा चुलतभाऊ म्हणा, आणि त्याच्या जनुकांत थोडी भर घातली. आता तो निसर्गात कुठेच न सापडणारा एक रेणू हवेत सोडत राहतो. माणसाला त्याचा पत्ता लागत नाही, पेटीतल्या संवेदकाला मात्र चिमूटभरही पुरतो. प्रत्येक नोंदलेल्या माणसाचा रेणू जरा वेगळा असतो. त्यामुळे नाक नुसतं वाजत नाही, वास कोणाचा ते नावानिशी सांगतं. या जंतूला खूणजंतू म्हणतात. दर तीन महिन्यांनी नोंदणी कक्षात जाऊन हातांना, मानेला, छातीला त्याचा लेप लावून घ्यायचा. लेप चुकवला तर तुरुंग. घरात जंतुनाशक साबण सापडला तर चौकशी.

हा जंतू निवडला तो सुरक्षित म्हणून. त्याच्या भाऊबंदांना माणूस हजारो वर्षं खातोय. ज्या प्रयोगशाळेत तो घडवला तिथे हस्तांदोलन, टॉवेल, बसची सीट, दाराची कडी, सगळं तपासून झालं होतं. अंगावरून उतरला की काही तासांत मरतो. म्हणून कायद्याने असं धरलं की एखाद्या बाहेरच्या माणसाच्या अंगावर तो ठळक सापडला, तर त्या दोघांचा स्पर्श झालेला आहे, आणि एकदा नव्हे, अनेकदा झालेला आहे.

मुलांसाठी कायदा आणखी कडक. मुलाच्या अंगावर खूण मिळाली तर त्या मुलाला काहीही विचारायचं नाही. पुरावा पेटीच देते. दयेपोटी केलेलं कलम आहे हे. दादाच्या खटल्यात त्या मुलीला किती जणांनी किती वेळा तेच तेच विचारलं ते मी मागच्या बाकावर बसून ऐकलंय. अर्धं गाव तेव्हा म्हणत होतं, पोरगी खोटं बोलते, सर असले नाहीत. पुढे नोंद झाल्यावर सरांचा फोटो आमच्या सोसायटीच्या फलकावर लावायला सर्वांत पुढे तीच माणसं होती.

दादा सुटला तेव्हा त्याला हमीदार लागणार होता. रक्ताच्या नात्यातलं कोणीतरी सही करून सांगायचं, हा माझ्याकडे राहील, याच्याबद्दल मी जबाबदार. हमीदार नसेल तर एमआयडीसीच्या पलीकडचा निवारा. तिथे पत्र्याच्या लांब शेड आहेत आणि आत जायला एकच दार आहे. मी सही केली. का केली असं अजून विचारतात लोक. आईवडील राहिले नव्हते, दुसरं कोणी नव्हतं, आणि नाही म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढा त्या दिवशी माझ्यात नव्हता. हमीदाराला एक कार्ड मिळतं. एका घरात राहिल्याने आपल्याही अंगाला थोडा तो वास लागतो, नाक कुरकुरतं, मग कार्ड दाखवायचं. लहान मुलांत काम करायचं नाही एवढी अट. मला मुलांशी कधीच काम नव्हतं.

त्याला पाहून मला चीड यायला हवी होती. निदान कीव तरी. खरं सांगते, काहीच येत नव्हतं. सकाळी उठून डबा भरायचा, स्कूटर काढायची, संध्याकाळी परत. घरात दोन माणसं आणि एक टीव्ही, आणि त्यातला टीव्हीच काय तो बोलायचा. शाळा भरताना आणि सुटताना त्याने जिन्यात जायचं नाही अशी सोसायटीची अट होती. तो इतर वेळीही जायचा नाही. घरातलं सगळं तोच करायचा. भांडी, केर, भाजी निवडणं. दूध तापवून ठेवायचा, कोमट झालं का ते करंगळी बुडवून बघायचा आणि विरजण लावायचा. आई असंच बघायची. मी दिवसभर थर्मामीटर घेऊन बसते, पण घरी दही लावायला थर्मामीटर घेणारी बाई मी अजून पाहिली नाही. आणि खोटं कशाला बोलू, दही तो सुरेख लावायचा. वाटी उलटी केली तरी पडायचं नाही.

समोरच्या घरात हुक्केरी राहतात. पल्लवी हुक्केरी त्याच शाळेत चित्रकला शिकवते जिथे तिची मिहिका चौथीत आहे. शिक्षक मागच्या दाराने जातात, तिथे नाक नाही, त्यांची तपासणी वर्षातून एकदाच होते. दादा आल्यापासून पल्लवीने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. वाईट बोलली नाही कधी, फक्त आली नाही. एकदा मात्र तिने बेल वाजवली आणि जिन्यातच उभी राहिली.

"वृंदाताई, जरा विरजण देताय का? आमच्या दह्याला तार सुटायला लागलीय. पाहुणे यायचेत आणि दही चमच्याला चिकटतंय बघा."

मी आतून वाटी आणून दिली. तिने ती पदराआड धरून नेली, जशी आई असताना न्यायची. कोण लावतं दही, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. विरजणाबद्दल कोणी असलं काही विचारतं का?

मग एका सकाळी शाळेच्या फाटकावर मिहिकासाठी नाक वाजलं.

मी प्रयोगशाळेत होते. नोंदणी कक्षाच्या मुलाणी मॅडमचा फोन आला, "घरी या, आत्ता." मी पोचले तेव्हा दोन शिपाई जिन्यात होते आणि दादा स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभा होता. हातात गवारीची शेंग होती. तो ती मोडत नव्हता, नुसती धरून होता. मुलाणी मॅडमनी कलम वाचून दाखवलं. समोरच्या दारातून पल्लवीचं रडणं ऐकू येत होतं. रडणं कसलं, गुरगुरणंच ते.

"काही म्हणायचंय?" मॅडमनी दादाला विचारलं.

तो म्हणाला, "चप्पल घालू का?"

त्याला नेलं. मी दार लावलं, राहिलेली गवार निवडली. तो असं करू शकेल का, हा प्रश्न मला पडलाच नाही. केलं असणार, एवढंच मनात होतं, आणि तेही शांतपणे. गवार शिजवली आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी हमीदाराचा जबाब द्यायला कक्षात गेले. मुलाणी मॅडम पन्नाशीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी मला बसवलं आणि पडद्यावर एका मुलीची आकृती दाखवली. चेहरा नाही, नुसती बाह्यरेषा. जिथे खूण सापडली तिथे तांबडा रंग.

"उजवा हात, बोटांपासून मनगटापर्यंत. आणि तोंडाभोवती," त्या म्हणाल्या. पुढचं त्यांनाही बोलवत नव्हतं.

"डावा हात?" मी विचारलं. तपासणाऱ्या बाईची सवय.

"कोरा."

"मिहिका काय म्हणते?"

"तिला विचारत नाही आम्ही. माहीत आहे तुम्हाला." त्यांनी पडदा बंद केला. "ती आपणहून म्हणाली, मी त्या काकांना कधी बघितलंच नाही. ते नोंदवता येत नाही. घाबरलेली मुलं असंच म्हणतात."

"आता काय होईल?"

"दुसरा गुन्हा. मरेपर्यंत आत."

मी कामावर परत आले. जेवणाची सुट्टी झाली होती. आमच्यातल्या एक खोतबाई ताकभात कालवत होत्या. चार बोटांनी कालवलं, घास केला, तोंडात टाकला, ओघळ हनुवटीवर आला तो मनगटाने पुसला. डावा हात मांडीवर. मी त्यांच्याकडे बघत राहिले ते बघतच राहिले.

"काय ओ कोठावळे, देऊ का घासभर?" त्या म्हणाल्या.

मी डबा न उघडता उठले.

घरच्या फ्रिजमध्ये दादाने लावलेलं दही होतं. ते प्रयोगशाळेत आणलं, मांडीवर घेऊन आणलं म्हणा ना. काचेच्या बशीत वाढवलं. वाढले ते जंतू सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीच्या दह्यासारखेच दिसत होते, चुलतभाऊ सगळे सारखेच दिसतात. पण वाटी घेऊन मी आमच्या कॉलनीतल्या बागेच्या दारात गेले आणि जाळीपुढे धरली. नाक वाजलं. पेटीवरच्या पट्टीवर नाव आलं, कोठावळे उमाकांत. बागेचा रखवालदार इकडेतिकडे माणूस शोधायला लागला. माझ्या हातात फक्त दही होतं.

तेव्हा सगळा उलगडा झाला. कातडीबाहेर काही तासांत मरणारा तो जंतू दुधात मरत नव्हता. मजेत वाढत होता. करंगळीवरून तो दुधात उतरला, एका दह्यातून दुसऱ्यात गेला, वाटीतून समोरच्या घरात गेला, आणि मिहिका रोज दहीभात कालवून खात होती. ज्यांनी जंतू घडवला त्यांच्याकडे दही डब्यातून येत असणार. दूध कोमट आहे का बघायला बोट बुडवतात, शेजारून विरजण मागून आणतात, आणि पाची बोटांनी कालवून जेवतात, हे कोणाला सुचलंच नसेल. मला तरी कुठे सुचलं होतं? माझा तर धंदाच दुधाचा.

मुलाणी मॅडमनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, हे विशेष.

"पटतंय मला," त्या म्हणाल्या. "पण दही तुमच्या घरचं, नाक वाजणारच. तुमचा हातही वाजेल, तुम्ही हमीदार. त्याचा उपयोग शून्य. बाहेरचा माणूस पाहिजे, प्रौढ. ज्याचा उमाकांतशी संबंध नाही आणि ज्याने हे विरजण खाल्लंय. त्याच्याही अंगावर हीच आकृती मिळाली, उजवा हात आणि तोंड, डावा कोरा, तर कायद्याचं गृहीतक पडतं."

"मिळेल की. पल्लवीकडून पुढे अख्ख्या सोसायटीत गेलं असणार ते विरजण."

"थांबा. ज्याचा हात वाजेल त्याची सहखूण म्हणून नोंद होते. पाच वर्षं. यादीत नाव, नोंदलेल्याचा संपर्कातला. शाळा, बाग, तलाव, सगळीकडे बंदी. ती मलाही काढता येत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "आणि हे कोणाला आधीच सांगू नका. साबणाने चार वेळा हात धुतले की संपलं."

इथे मी मूर्खपणा केला. त्या सांगत होत्या तरी केला. वाटलं, एवढी वर्षं एका जिन्याने चढउतार करतोय आपण, विचारून तर बघू. संध्याकाळी सोसायटीच्या कार्यालयात सगळ्यांना बोलावलं आणि सांगून टाकलं. बशी, नाक, दही, सगळं. लोक गप्प ऐकत होते.  जो तो आपापल्या हाताकडे बघत होता. मग एक एक करून उठले.

त्यानंतर अर्ध्या तासात प्रत्येक मजल्यावर मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाला. सगळ्यांनी दही ओतून दिलं. औषधाच्या दुकानातला जंतुनाशक साबण संपला म्हणे त्या दिवशी. दादाच्या सुटकेवर विरजण पडलं, हे मी विनोद म्हणून लिहीत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात हेच शब्द आले आणि मला हसू आलं नाही.

उरलं एक दार, समोरचं. हुक्केरींकडून सभेला कोणी आलं नव्हतं. मी बेल वाजवली. पल्लवीच्या नवऱ्याने दार उघडलं, मला बघून बाजूला झाला. पल्लवी स्वयंपाकघरात होती. तिच्यापर्यंत बातमी पोचलेली होती. नळ चालू होता आणि साबणाची वडी हातात होती, अजून कोरडी.

"या," ती म्हणाली. "काय सांगायला आलाय ते कळलंय मला."

"मी सांगायला नाही, विचारायला आलेय."

"काय विचारणार? माझी नोकरी घालवू का तुमच्या भावासाठी, हेच ना? ज्या माणसामुळे मी दोन वर्षं पोरीला जिन्यात एकटी सोडली नाही, त्याला सोडवायला मीच जाऊ? स्वतःच्या तोंडाने बोलून बघा की ताई, कसं वाटतंय ते."

मला खरंच कसंतरी वाटलं. मी म्हणाले, "नको जाऊस मग."

"नको जाऊस म्हणे!" ती वडी हातातल्या हातात फिरवत होती. "काल शाळेतून समुपदेशक बाई आल्या. मिहिकाला बाहुली दिली आणि म्हणाल्या, तुला बोलायचं नसलं तरी चालेल बाळा. ही म्हणते, काय बोलायचं? त्या म्हणतात, हो हो, नको बोलू."

मिहिका दारात येऊन उभी होती. वेणी सुटलेली, पायात एकच मोजा.

"मी खरं सांगितलं, काकू," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलं, मी त्या काकांना बघितलंच नाही. पण सगळे असे मान हलवतात, आणि मग मी बोलले नाही असंच करतात." ती आईकडे वळली. "तू पण तसंच केलंस."

पल्लवीने नळ बंद केला.  नवरा म्हणाला, "पल्लवी, विचार कर. पाच वर्षं. वर्गावर जाता येणार नाही तुला."

"मग नाही जाणार," पल्लवी म्हणाली. मग माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज मला आठवतो, अगदी कोरडा होता. "तुमच्या भावासाठी नाही करत मी. तो आत मेला तरी माझं काही अडत नाही. पण हे असंच राहिलं तर माझ्या पोरीच्या नावापुढे जन्मभर लिहिलेलं राहील की तिच्यावर काहीतरी झालं. ती म्हणते नाही झालं. कोणीतरी तिचं ऐकायला पाहिजे की नको?"

साबणाची वडी तिने खिडकीत ठेवून दिली.

दुसऱ्या सकाळी ती माझ्या स्कूटरवर मागे बसून कक्षात आली.  जाळीपुढे उजवा हात धरला. नाक वाजलं, आणि पट्टीवर माझ्या भावाचं नाव आलं. डावा धरला, नाक गप्प. तोंड पुढे केलं, वाजलं. मुलाणी मॅडमनी तीनदा करून घेतलं आणि मग तिच्या नावाची सहखूण नोंदवली. पल्लवी अंगठा टेकवताना म्हणाली, "शनिवारी मुलांचं चित्रांचं प्रदर्शन होतं." कोणालाच उद्देशून नाही. परत येताना तिने रिक्षा केली.

मिहिकाची नोंद पुसली गेली. त्यानंतर आठवडाभराने दादाला सोडलं. कक्षाच्या दारातून तो बाहेर आला तेव्हा पिशवी छातीशी धरलेली होती आणि चप्पल तीच होती. मी त्याला मागे बसवलं. शाळा सुटायची वेळ होत आली होती म्हणून गावातून न जाता बाहेरच्या रस्त्याने निघाले. एका रसवंतीपाशी थांबले. तो उन्हात बसला, मी दोन ग्लास सांगितले.

त्याला सगळं सांगितलं. विरजण, खोतबाईंचा ताकभात, पल्लवीचा हात. तो ऐकत होता. ग्लासावरचा फेस बोटाने काढत होता.

"पल्लवीबाईंची नोकरी गेली?" त्याने विचारलं.

"गेली."

"अरेरे," तो म्हणाला. मनापासून म्हणाला असावा.

मग मी त्याला तो प्रश्न विचारला, जो मी विचारायला नको होता की आधीच विचारायला हवा होता, मला अजून ठरवता येत नाही. "दादा, मॅडमनी विचारलं तेव्हा तू नाही का म्हणाला नाहीस? तू काही केलंच नव्हतंस. सरळ सांगायचं ना, मी नाही केलं म्हणून."

 रसवंतीवाल्याने ऊस दुमडून पुन्हा चरकात घातला.

"मी आठवत होतो," तो म्हणाला.

"काय?"

"केलं का ते."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

"नाक नावानिशी सांगतंय म्हटल्यावर असेल, असं वाटलं मला," तो म्हणाला. "जिन्यात कधी भेटली का, दारात कधी आली का, सगळं आठवून बघितलं. आत सुद्धा रोज बघत होतो. काही आठवलं नाही."

"नव्हतंच काही तर आठवेल कुठून?"

"तसं नाही गं वृंदा." त्याने ग्लास खाली ठेवला. "त्या वेळीही मी नाहीच म्हणत होतो. कोर्टात, आईला, तुला. आणि ते मला खरं वाटायचं. अगदी खरं वाटायचं. मग आता आठवत नाही याचा काय भरवसा?"

रस्त्यावरून एक शाळेची बस गेली. तो सवयीने तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागला, ती जाईपर्यंत.

मी त्याच्यासाठी दह्याची वाटी घेऊन फिरले होते. एका बाईची नोकरी घालवली होती. तो निर्दोष आहे हे सिद्ध केलं होतं, आणि यंत्राने सांगेपर्यंत क्षणभरही त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. आणि त्याचाही स्वतःवर नव्हता. ज्याचा स्वतःचाच स्वतःवर भरवसा नाही त्याची हमी मी कशाच्या जोरावर देत होते? माझ्या सहीला अर्थ काय होता? पल्लवीच्या दारासमोर राहून, मिहिका जिन्यातून चढताना, मी त्याच्याबद्दल जबाबदार आहे असं म्हणायचं, ते कोणत्या तोंडाने?

तो आत असताना मी हमी काढून घेतली असती तर सगळ्यांनी तिचा एकच अर्थ केला असता. आता तसं नव्हतं. आता त्याच्यावर कसला आळ नव्हता.

"दादा," मी म्हणाले, "मी हमी काढून घेते आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं काही बोलेल. मी तयारीही केली होती, ओरडेल, रडेल, आईचं नाव काढेल.

"बरं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आजपासूनच?"

"आजपासूनच."

"बरं," तो पुन्हा म्हणाला, आणि उरलेला रस पिऊन टाकला. "कपडे?"

"उद्या आणून देते."

मी स्कूटर वळवली. एमआयडीसी ओलांडून पत्र्याच्या शेड दिसायला लागल्या तसा त्याने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि सीटच्या मागची पट्टी धरली. दारावरच्या नाकाने त्याला नावाने ओळखलं आणि आत घेतलं. त्याने वळून बघितलं नाही, पिशवी तेवढी दुसऱ्या हातात घेतली. मी स्कूटर सुरू केली आणि लगेच बंद केली. मला वाईट वाटत होतं. इतकी वर्षं काही वाटलं नव्हतं, आणि आता एवढं वाईट वाटत होतं की मला त्या दारात उभं राहवेना आणि निघताही येईना.